अण्णांना आठवण करून दिली की जमतं, मग आपणहून का नाही?

पत्र, थोडक्यात: "माझे सासरे, अण्णा, ७२ वर्षांचे. एसटीच्या आगारात हिशेबाचं काम केलं, आकडा कधी चुकला नाही. गेल्या दीड वर्षात फार संथ झालेत. परवा चहा ठेवला, पाणी उकळून आटायला आलं तरी ओट्यापाशी नुसते उभे. मी 'अण्णा, साखर' म्हटलं, तशी साखर, पावडर, दूध सगळं बिनचूक घातलं. विजेचं बिल दोनदा भरलं. पावलं आखूड पडतात, लघवीला घाई होते. माझे यजमान म्हणतात, आळस चढलाय. एमआरआयच्या रिपोर्टात 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड २, दोन जुने लॅक्यून' असं आहे. वयाचं आहे, असं सांगून घरी पाठवलं. बीपीची अमलोडिपिन पाय सुजतात म्हणून अधूनमधून सोडतात. बीपी १५८/९२ होतं. मधुमेहाला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, पायांच्या जळजळीला रात्री अमिट्रिप्टिलिन, झोपेला अल्प्राझोलाम. तंबाखू आहे. गेल्या दिवाळीआधी एक दिवस उजवा हात जड होता, हातातून तांब्या पडला, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. हा अल्झायमर आहे का? रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का? कुणी मेंदूच्या नसांच्या कॅप्सूल सुचवल्यात. आणि ते अजून स्कूटर चालवतात, त्याचं काय करू?" (एक सून, सांगली जिल्हा)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: तांब्या पडल्याचं. त्याकडे येतोच. आधी चहाचं बघू, कारण अण्णांचा आजार त्या ओट्यापाशी जितका स्पष्ट दिसतो तितका रिपोर्टातही दिसत नाही.

चहा कसा करायचा हे अण्णा विसरलेले नाहीत. 'साखर' हा एक शब्द मिळाल्यावर पुढचं सगळं हातानं आपोआप झालं, म्हणजे कृती डोक्यात शाबूत आहे. अडतंय ते एक पायरी संपली की आपणहून दुसरी सुरू करणं. हे काम मेंदूचा पुढचा भाग करतो, पण एकट्यानं नाही. मेंदूच्या गाभ्यातल्या केंद्रांशी त्याची सतत देवाणघेवाण चाललेली असते. ती ज्या तंतूंमधून चालते त्यांना पांढरा भाग म्हणतात, आणि रिपोर्टातले डाग नेमके तिथले आहेत. आळशी माणसाला करायचं नसतं. अण्णांना करायचं असतं, सुरुवात होत नाही. यजमानांना हा परिच्छेद आवर्जून वाचायला द्या. घरात रोज 'अहो, हला जरा' ऐकणाऱ्या माणसाला पुढे काहीच करू नये असं वाटायला लागतं, आणि आजारानं केलं नसतं तेवढं नुकसान त्यातून होतं.

हे डाग पडतात कसे? कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, असलेल्या शेतकऱ्याला पाणी सगळ्यात शेवटी आणि कमी मिळतं, हे तुमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. मेंदूच्या खोल पांढऱ्या भागाची गत तीच आहे. मोठ्या वाहिन्यांतून अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक फाटे निघतात, लांबवर आत शिरतात आणि तिथेच संपतात. एक फाटा बंद पडला तर शेजारच्याकडून पाणी वळवून घ्यायची सोय जवळपास नसते. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की या फाट्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते, गरजेप्रमाणे फुगायची ताकद जाते. मधुमेह आणि तंबाखू त्यात भर घालतात. टेलच्या तंतूंना रक्त कमी पडतं, त्यांच्यावरचं आवरण झिजतं, आणि एमआरआयवर तो भाग पांढरा दिसतो. एखादा फाटा पुरता बंद झाला तर तिथे छोटा खड्डा उरतो, तोच लॅक्यून. ३ ते १५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून शेंगदाण्याएवढा. पण जागा मोक्याची असली तर एवढासा खड्डासुद्धा हात, पाय किंवा विचारांची गती अडवतो.

फाझेकास ही डाग मोजायची पट्टी १९८७ पासून वापरात आहे. ग्रेड १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ते एकमेकांना भिडू लागलेत, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. साठीनंतर थोडेफार ठिपके बहुतेकांना असतात, त्यामुळे 'वयाचं आहे' हे ग्रेड १ ला एक वेळ चालून जातं. ग्रेड २, दोन लॅक्यून, आखूड पावलं, लघवीची घाई आणि दोनदा भरलेलं बिल हे सगळं एकत्र असताना आम्हाला ते उत्तर पटत नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे, मेंदूतल्या लहान रक्तवाहिन्यांचा आजार, आणि त्याचा वेग कमी करण्यासारखं बरंच काही हातात आहे. पडलेले डाग पुसायचं औषध मात्र नाही. ते आहे असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

अल्झायमर आहे का? तुम्ही केलेल्या वर्णनावरून तरी हा आजार मुख्यतः लहान वाहिन्यांचा वाटतो. अल्झायमरमध्ये सुरुवातीला नवी माहिती मेंदूत टिकतच नाही. सकाळी पाहुणे येऊन गेले हे संध्याकाळी खुणा देऊनही आठवत नाही, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो. लहान वाहिन्यांच्या आजारात माहिती आत असते, बाहेर यायला वेळ लागतो, आणि खूण दिली की सापडते. चालणं आणि लघवीही लवकर बिघडते. पण या वयात दोन्ही एकत्र असणं फार सामान्य आहे, म्हणून घरबसल्या शिक्का मारू नका. न्यूरॉलॉजिस्टना 'मोका' ही ३० गुणांची चाचणी घ्यायला सांगा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. घड्याळ काढणं, आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडणं हे त्यातले भाग अण्णांची अडचण पकडतात. नुसत्या तारीख-वार-गावाच्या प्रश्नांत असा माणूस सहज पास होतो आणि घरचेच खोटे ठरतात. चालणं, लघवी आणि विचार तिन्ही बिघडले की मेंदूतलं पाणी साठण्याचा आजारही बघावा लागतो, कारण त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो. एमआरआयची फिल्म किंवा सीडी घेऊन जा, नुसता कागद नको.

आता तांब्या. एक दिवस उजवा हात जड होणं, वस्तू हातातून निसटणं आणि मग बरं वाटणं हा बहुधा पक्षाघाताचा लहान झटका होता. हे डॉक्टरांना सांगितलंय का? पत्रावरून तसं दिसत नाही. रक्त पातळ करायच्या गोळीचा तुमचा प्रश्न याच एका गोष्टीवर उभा आहे. नुसते पांढरे डाग आहेत, झटका कधीच आला नाही आणि हृदयाचंही कारण नाही, अशा माणसाला अॅस्पिरिन देऊ नये, असं युरोपातल्या स्ट्रोकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत सुचवलं आहे; फायदा दिसत नाही आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण झटका येऊन गेला असेल तर गणित उलटं. तेव्हा पुढचा झटका टाळायला एक गोळी, बहुधा कमी मात्रेची अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि सोबत कोलेस्टेरॉलची स्टॅटिन दिली जाते. एकच गोळी, यावर आमचा जोर आहे. लॅक्यूनचा झटका आलेल्या ३,०२० रुग्णांना एकतर एकटी अॅस्पिरिन, नाहीतर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही दीर्घकाळ देऊन पाहण्याचा एक मोठा अभ्यास झाला. २०१२ मध्ये आलेल्या निकालात दोन गोळ्यांनी झटके कमी झाले नाहीत, मोठे रक्तस्राव जवळपास दुप्पट झाले आणि मृत्यूही वाढले. ताज्या झटक्यानंतरचे पहिले काही आठवडे दोन गोळ्या देतात, ती वेगळी गोष्ट. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय हा भाग केला होता का आणि त्यात बारीक रक्तस्रावाचे ठिपके आहेत का? आणि नाडी अनियमित आहे का, ईसीजी काढायचा का? नाडी अनियमित निघाली तर औषधच बदलतं.

पण आम्हाला विचाराल तर तुमच्या घरी आजपासून सगळ्यात जास्त लक्ष १५८/९२ या आकड्याकडे द्यायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड या अभ्यासाचा निकाल आला. पन्नाशीपुढचे ९,३६१ लोक. निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न, निम्म्यांचं १४० च्या खाली. साधारण सव्वातीन वर्षांच्या उपचारानंतर १२० च्या गटात सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी आढळली, आणि पांढरे डागही कमी वाढले. पुऱ्या डिमेन्शियातला, म्हणजे स्मृतिभ्रंशातला, फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. शिवाय त्या अभ्यासात मधुमेही किंवा आधी पक्षाघात झालेले लोक नव्हते, त्यामुळे १२० चा आकडा अण्णांना जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्यासारख्यांना डॉक्टर साधारण १३०/८० च्या खाली, तेही हळूहळू, असं लक्ष्य ठरवतात.

त्यासाठी आकडे खरे हवेत. दंडावरचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पट्ट्यावर छापलेली मापं पाहा. बहुतेक पट्टे २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतात. दंड जाड असून पट्टा लहान पडला तर बीपी खोटंच जास्त येतं. अण्णांनी आधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाठ टेकून खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं शांत. मोजताना बोलायचं नाही, आपणही प्रश्न विचारायचे नाहीत. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे असेल तर ते वाढलेलंच धरतात. एवढा एक कागद नेला की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आणखी एक मोजणी बहुतेक घरी राहून जाते: उभं राहिल्यावरची. बसून मोजलं की त्यांना उभं करा आणि एका मिनिटानं व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, शेजारी एक जण हात धरायला हवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर लगेच कळवा. टेलच्या भागाला अशी घसरण सोसत नाही; चक्कर, पडणं, गोंधळ यांचं मूळ तिथे असू शकतं. मधुमेहानं हे होतं, आणि अमिट्रिप्टिलिननंही.

अमलोडिपिननं पाय सुजतात ही अण्णांची तक्रार खरी आहे, तो त्या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे. त्यावर उपाय गोळी अधूनमधून सोडणं हा नाही, कारण बीपीचं वरखाली होत राहणंही या बारीक वाहिन्यांना वाईट. डॉक्टरांना सूज दाखवा. मात्रा कमी करून टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी जोडली की सूज बऱ्याचदा उतरते. गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत भरा, आणि डबी त्यांच्यासमोर ठेवून निघून जाऊ नका; त्यांच्या हातात द्या. सुरुवात करून देणं हेच तर त्यांना हवंय.

अमिट्रिप्टिलिन आणि अल्प्राझोलाम या दोन गोळ्यांबद्दल आम्हाला खरी काळजी वाटते. पहिली मेंदूतलं स्मरणासाठी लागणारं रसायन दाबते, लघवी अडवू शकते, उभं राहिल्यावर बीपी पाडते. दुसरीनं विचार आणखी संथ होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. दोन्हींना पर्याय आहेत. मात्र आपल्या मनानं बंद करू नका. अल्प्राझोलाम एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, ती आठवड्या-आठवड्यानं उतरवावी लागते. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन हेही पहिल्याच्याच जातीचं, तेव्हा दुकानातून सर्दीची गोळी परस्पर आणू नका. ग्लिमेपिराइडनं साखर उतरते. जेवणाआधी घाम आणि गोंधळ दिसला तर लगेच साखर तपासा, ७० च्या खाली असेल तर साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना सांगा. या वयात मधुमेहाचं लक्ष्य फार कडक ठेवत नाहीत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होतं, आणि त्या कमतरतेनं पायांची जळजळ आणि विसराळूपण दोन्ही होतात. बी१२, थायरॉईड, सोडियम, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉल एकदा करून घ्या. रात्री जोरात घोरत मध्येच श्वास थांबतो का, ऐकू कमी येतं का, हेही सांगा.

मिठाचा हिशेब अण्णांनाही पटेल. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात तुम्ही चौघं असाल तर २० ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरायला हवा. त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट यांतलं मीठ धरलेलंच नाही. पुडा आणल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड नाजूक असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते रक्तात साचतं. तंबाखू सोडवायला १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत फोनसेवा आहे.

मेंदूच्या नसांच्या कॅप्सूल राहू द्या. त्यांतल्या बऱ्याच कॅप्सूलमधल्या गिंको या वनस्पतीवर अमेरिकेत ३,००० हून जास्त ज्येष्ठांवर अभ्यास झाला. २००८ च्या निकालात डिमेन्शिया कमी झाला नाही. आणि अॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची धास्ती राहते ती वेगळीच.

चालण्याला औषधाइतकंच महत्त्व द्या. आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं, सुरुवातीला १०-१० मिनिटांचे तीन तुकडे चालतील. जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन वेळा; जमत नसेल तर आधी हात टेकून. असे रुग्ण सरळ चालताना सहसा पडत नाहीत, वळताना पडतात, कारण पाय जमिनीला चिकटल्यासारखे राहतात आणि धड फिरतं. जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घेऊन वळायला शिकवा. चालताना बोललं की ते थांबतात का, बघा. थांबत असतील तर जिन्यावर आणि रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलू नका. दारातली सरकणारी पायपुसणी उचला, मोरीत आणि संडासात पकडायला दांडा बसवा, मागे पट्टा असलेल्या चपला घ्या. लघवीची घाई होण्याची वाट न पाहता दर दोन-अडीच तासांनी 'अण्णा, जाऊन या' म्हणा. रात्री पलंगाशी भांडं आणि मंद दिवा. प्रोस्टेट आणि लघवीची तपासणी मात्र आधी करून घ्या.

घरात बोलायची पद्धत थोडी बदलावी लागेल. 'बाजारातून भाजी, औषध आणि पीठ घेऊन या' असं एकदम नको. चिठ्ठी द्या, एका ओळीवर एक काम, झालं की खोडायचं. हिशेबाच्या माणसाला ते आवडेलही. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. त्यांचं उत्तर येतंय, फक्त उशिरा. त्यांच्या ऐवजी तुम्ही बोललात तर ते उत्तर तिथेच विरतं. ओट्यावर चहाचं सामान घालायच्या क्रमानं मांडून ठेवा. आणि हे बघा, की ते नुसते गप्प असतात की खिन्न? देवळात, लग्नाला नेल्यावर रमत असतील तर तो या आजारातला निरुत्साह. 'आता कशाला जगायचं' असं बोलत असतील, रडू येत असेल, जेवण सुटलं असेल तर ते नैराश्य, त्यावर औषध आहे, थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पैशाचे व्यवहार आत्ताच मार्गी लावा, अण्णांना सगळं समजतंय तोवर आणि त्यांच्याच सल्ल्यानं. बँकखातं सासूबाईंसोबत जोडखातं करा, वारसनोंदी तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांचा मानसिक सक्षमतेचा दाखला जोडा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणसाची समज गेली की आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्रही संपतं. फोनवरच्या पेमेंटची मर्यादा कमी करून ठेवा, आणि फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० वर फोन करा.

पुन्हा कधी हात-पाय जड झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर 'उद्या बरं वाटेल' म्हणून थांबायचं नाही. शेवटचं ठीक कधी होते ती वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अॅस्पिरिन तोंडात घालू नका, कारण तो रक्तस्रावही असू शकतो, आणि नीट गिळता येत नसेल तर ठसका लागतो.

राहिली स्कूटर. ती आजपासून थांबवा, निदान न्यूरॉलॉजिस्ट तपासेपर्यंत. ब्रेक कुठे आहे हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे, पण समोर पोर आल्यावर तो दाबण्याची सुरुवात व्हायला जो क्षण जास्त लागतो, तेवढ्यात अपघात होतो. हे तुम्ही किंवा यजमानांनी सांगितलं तर घरात भांडण होईल, म्हणून डॉक्टरांना विनंती करून कागदावर लिहून घ्या: 'गाडी चालवू नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.' किल्ली लपवू नका. ओळखीचा एक रिक्षावाला ठरवा, त्याचा नंबर मोठ्या अक्षरात दारामागे चिकटवा, आणि स्कूटरवरून ते जिथे जिथे जायचे, कट्टा, वाचनालय, रविवारचा बाजार, त्यातलं एकही ठिकाण बंद होणार नाही असा आठवडा अण्णांना बरोबर बसवून आखा.